ओट्यावरचा भात

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. सकाळची लोकल गाठायची घाई आणि पातेल्यात रात्रीचा बराच भात उरलेला. कांदा, मिरची, कढीपत्ता, वर ओलं खोबरं. पाच मिनिटांत फोडणीचा भात तयार! लेकीचा डबा भरला, सासूबाईंसाठी झाकून ठेवला आणि निघाले.

बाराच्या सुमाराला शाळेतून ऑफिसात फोन आला. 'मुलीला उलट्या होताहेत, न्यायला या.' घरी फोन लावला तर सासूबाईंचा आवाज पार खोल गेलेला. 'अगं, मलाही सकाळपासून कसंतरीच होतंय.' सीएसएमटी ते बदलापूर ६८ किलोमीटर. शेजारणीनं लेकीला घरी आणलं, सासूबाईंना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी मात्र गाडीत बसून एकेक स्टेशन मोजत होते. तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही.

लेक संध्याकाळपर्यंत सावरली. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना मात्र रात्रभर सलाइन लावावं लागलं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, 'बाहेरचं काही खाल्लं होतं का?' मीही मनातल्या मनात पाणीपुरीवाल्याला शोधत होते. डॉक्टरांनी मात्र वेगळंच विचारलं. 'भात शिजवला कधी? आणि रात्रभर होता कुठे?' रात्री आठला शिजवला, ओट्यावर झाकून ठेवला होता, असं सांगितल्यावर ते म्हणाले, 'मग बाहेर शोधू नका.' तपासणी काही कुणी केली नाही, पण त्यांचा संशय भातावरच होता.

त्या दिवशी मला जे कळलं, ते वीस वर्षं स्वयंपाक करून माहीत नव्हतं. तांदळात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू असू शकतात. त्यांची बीजं इतकी चिवट की भात शिजला तरी त्यातली काही टिकतात. कोमट, ओलसर भात तासन् तास बाहेर राहिला की ती रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. या विषाचं वैशिष्ट्य म्हणजे ते उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे सकाळी कितीही चरचरीत फोडणी द्या, जंतू मरतील, विष तसंच राहील! भाताला वास येत नाही, चवही बदलत नाही. आणि आपण तर वास घेऊनच ठरवतो की हो, 'चांगला आहे, टाकायला कशाला हवा?'

सासूबाई घरी आल्यावर एक नातेवाईक बाई म्हणाल्या, 'नोकरी करणाऱ्या बायकांच्या घरी असंच चालायचं.' तेव्हा मी गप्प बसले. पण ते वाक्य आत कुठेतरी रुतून बसलं. आज उत्तर द्यायचं आहे.

तो भात ओट्यावर का होता? रात्री आठला मी, लेक आणि सासूबाई जेवलो. नवऱ्याची गाडी उशिरा, म्हणून भात त्याच्यासाठी बाहेर ठेवला. गरम फ्रिजमध्ये ठेवू नये, ही पिढ्यान् पिढ्यांची शिकवण. पहाटे पाचला उठायचं म्हणून साडेदहाला मी झोपले. साडेअकराला तो जेवला, ताट बेसिनमध्ये ठेवलं आणि झोपला. उरलेला भात उचलायचा असतो हे त्याच्या गावीही नव्हतं. तो वाईट नाही हो, ते काम त्याचं आहे असं त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमधल्या किती घरांत याहून वेगळं चित्र असेल? चार माणसं चार वेळांना जेवतात. गाड्या उशिरा धावल्या की तेही वेळापत्रक कोलमडतं. स्वयंपाक मात्र एकदाच होतो आणि तो शेवटच्या माणसाची वाट पाहत ओट्यावर बसून राहतो. त्यात आपल्याकडचा उकाडा. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच ते साठ अंश सेल्सिअस ही जंतूंच्या सोयीची हवा. आपलं स्वयंपाकघर बाराही महिने त्यातच असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की, हा प्रश्न बाईच्या स्वच्छतेचा किंवा आळसाचा नाही. माझा ओटा त्या रात्रीही लख्ख पुसलेला होता. प्रश्न घड्याळाचा आहे, आणि घड्याळ एकट्या बाईनं सांभाळायचं नसतं.

शिळं म्हणजे वाईटच, असंही नाही. आमच्या डब्यात उल्हासनगरला चढणारी एक सिंधी मैत्रीण आहे. राखी पौर्णिमेनंतर सातव्या दिवशी त्यांची थदडी असते. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी केलेलं थंड खायचं. दरवर्षी ती आम्हाला गोड लोला आणि कोकी आणते. माझी गोष्ट ऐकून ती म्हणाली, 'अगं, आमच्याकडे त्या दिवसासाठी तुपातलं, कोरडं, तळलेलं करतात. डाळ-भात नाही ठेवत.' मला एकदम आजीच्या प्रवासातल्या दशम्या आठवल्या. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवलेल्या, दोन दिवस टिकणाऱ्या. टिकणारं काय आणि न टिकणारं काय, हे जुन्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. फ्रिज आला आणि आपण ते विसरलो. गंमत म्हणजे फ्रिज वेळेवर वापरायलाही शिकलो नाही.

आता आमच्या घरी काय बदललं ते सांगते. भात शिजला की नंतर जेवणाऱ्याचा वाटा लगेच वेगळा निघतो. परातीत पसरला की पंख्याखाली लवकर निवतो. मग पसरट डब्यात घालून तासाभराच्या आत फ्रिजमध्ये. पूर्ण गार व्हायची वाट बघत बसायचं नाही. किंचित कोमट असला तरी चालतो. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच बाहेर काढायचा, वाफा येईपर्यंत गरम करायचा, आणि एकदाच. रात्रभर बाहेर राहिलेला भात सरळ टाकायचा. पावसाळ्यात बराच वेळ वीज गेली तर फ्रिज उगाच उघडायचा नाही, आणि आतलं अन्न गार राहिलं नसेल तर त्याचाही मोह धरायचा नाही. अन्न टाकताना आजही जीव तुटतो. पण त्या एका वाटीभर भातासाठी आम्ही किती मोजलं, ते मला माहीत आहे. म्हणून आता शिजवतानाच मोजून शिजवते.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम फ्रिजच्या दारावर लेकीनं तिच्या अक्षरात लिहून चिकटवलाय : 'शेवटी जेवेल त्यानं स्वयंपाकघर बंद करायचं.' म्हणजे उरलेलं अन्न डब्यात, डबा फ्रिजमध्ये, मगच दिवा बंद. पहिले आठ दिवस नवरा विसरला. नवव्या दिवशी सासूबाईंनीच त्याला साडेअकराला झोपेतून उठवलं. म्हणाल्या, 'सलाइन मला लागलं होतं, तुला नाही. ऊठ, भात उचल.'

तेव्हापासून तो विसरलेला नाही.

फोडणीचा भात आमच्याकडे अजूनही होतो. मात्र तो करण्याआधी मी एकच प्रश्न विचारते, 'रात्री भात उचलला कुणी?' उत्तर मिळालं तरच कढई गॅसवर चढते.