सही कोणाची, मत कोणाचे?

१९९३ च्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने हा वाटा निम्म्यावर नेला. पण भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई असो की दुसरे गाव, निवडून आलेल्या बाईचे काम हजेरीच्या सहीवरून कळत नाही. पाण्याच्या ठरावाला सूचक कोण, विरोध कोणी नोंदवला, हे इतिवृत्ताच्या वहीत पाहावे लागते. २००५ च्या माहिती अधिकाराने ती वही आपल्याला खुली झाली. पण अर्जाची वेळ का यावी? ग्रामसभेआधीच्या महिला सभेत सदस्य बाईने आपल्या समित्यांचा, मतांचा हिशेब स्वतः वाचावा, नवऱ्याने नव्हे. पुरुष सदस्यांकडेही तो मागावा. आणि मैत्रिणींनो, ती एकटी विरोधात उभी राहिली, तर तिच्या पाठीशी आपण हव्यात.