प्रॉक्सी ठेवा, पण कारण लिहून ठेवा

महाविद्यालये, सहकारी बँका, नगरपालिका, लहानमोठे कारखाने यांचे नेटवर्क सांभाळणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या सर्व्हर रूममध्ये एक प्रॉक्सी सर्व्हर चालू असतो. तो कोणी बसवला, कधी बसवला, हे पुष्कळदा आताच्या माणसाला ठाऊक नसते. आधीच्यांनी केलेले कॉन्फिगरेशन तसेच पुढे चालते. तो आज नेमका कशासाठी चालू आहे, हे आपण प्रत्येकाने एकदा तपासावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

तो आला तेव्हा कारण स्पष्ट होते. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. जोडणी डायल-अपची, वेग किलोबिटांत मोजायचा. एका लाइनवर अख्खी लॅब चालवायची तर विनगेटसारखा प्रॉक्सी लागायचा. १९९६ मध्ये आलेल्या स्क्विडने कॅशची सोय फुकटात सर्वांच्या हाती दिली. एकाने उघडलेले पान दुसऱ्याला सर्व्हरच्या डिस्कवरूनच मिळू लागले आणि महागड्या लाइनवरचा ताण कमी झाला.

आज स्क्विडची ॲक्सेस लॉग फाइल उघडून पाहा. ओळीमागून ओळ ‘टीसीपी टनेल’ आणि ‘कनेक्ट’ हेच शब्द दिसतील, पुढे पोर्ट ४४३. ब्राउझरने अमुक साइटपर्यंत वाट मागितली, प्रॉक्सीने ती दिली, एवढाच त्याचा अर्थ. आत जे वाहते ते एन्क्रिप्टेड असते. प्रॉक्सीला ते वाचता येत नाही, म्हणून साठवताही येत नाही. तेव्हा बँडविड्थ वाचेल असे सांगून कोणी नवा प्रॉक्सी विकायला आला, तर त्याच्याकडे आधी आजच्या वाहतुकीवरचा कॅश हिटचा आकडा मागा.

बाकीचे फायदे मात्र खरे आहेत. लॉगिननुसार परवानगी देता येते, घातक डोमेन एका जागी अडवता येतात. ग्रंथालयाच्या ईझीप्रॉक्सीसारख्या व्यवस्थेमुळे सुट्टीत गावी गेलेल्या संशोधक विद्यार्थिनीला घरून नियतकालिके वाचता येतात. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवायच्या आहेत. सगळी वाहतूक एका दारातून जात असेल, तर ही दोन्ही कामे सोपी होतात.

तोट्यांची सुरुवातही त्याच दारापाशी होते. प्रॉक्सी बसला की अख्खे कार्यालय बसते, हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. त्याहून गंभीर गोष्ट लॉगची. टनेलच्या ओळीत पान दिसत नाही, पण वेळ, मशीन आणि साइटचे नाव दिसते. लॉगिन लावले असेल तर माणसाचे नावही. एखादी कर्मचारी जेवणाच्या सुट्टीत सलग काही दिवस कर्करोग रुग्णालयाची साइट उघडते आणि मग आरोग्य विम्याची. तिच्या घरच्यांना कळण्याआधी ते लॉग वाचणाऱ्याला कळलेले असते. हा अधिकार आपल्या हातात आहे, याची जाणीव आपल्यातल्या प्रत्येकाला असायला हवी.

काही ठिकाणी याच्याही पुढे जाऊन प्रत्येक मशीनवर स्वतःचे रूट सर्टिफिकेट टाकतात आणि एन्क्रिप्टेड वाहतूक मध्येच उघडतात. अशा वेळी बँकेचा पासवर्डसुद्धा प्रॉक्सीत वाचनीय स्वरूपात येऊ शकतो. ब्राउझरला समोरचा सर्व्हर स्वतः तपासता येत नाही. प्रॉक्सीने केलेल्या तपासणीवर विसंबावे लागते. अनेक उत्पादने ही तपासणी नीट करत नाहीत, असा इशारा अमेरिकेच्या यूएस-सर्टने मार्च २०१७ मध्ये दिला होता. त्याआधी २०१५ मध्ये लेनोवोच्या लॅपटॉपवरचे, अशीच वाहतूक मध्येच उघडणारे सुपरफिश हे सॉफ्टवेअर उघडकीला आले. त्यात सर्व मशीनवर एकच खासगी की होती. ती ज्याच्या हाती लागेल त्याला कोणत्याही साइटचे सोंग आणता आले असते. कुंपणानेच शेत खाण्याचा हा प्रकार. आमचे मत स्पष्ट आहे: ठोस गरज आणि लेखी धोरण नसेल तर एन्क्रिप्टेड वाहतूक उघडू नये. उघडायचीच असेल, तर बँका आणि रुग्णालये त्यातून वगळावीत आणि वापरणाऱ्यांना आधी कळवावे.

ब्लॉक करण्याची हौसही आवरायला हवी. यादी लांबली की विद्यार्थी फुकट प्रॉक्सी आणि व्हीपीएन शोधतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात. मे २०२४ मध्ये अमेरिकी न्याय विभागाने ‘९११ एस५’ हे जाळे मोडले. फुकटच्या व्हीपीएनमधून ते लोकांच्या संगणकांत शिरले होते आणि १ कोटी ९० लाखांहून अधिक आयपी पत्ते गुन्हेगारांना भाड्याने दिले जात होते. असे ॲप आपल्या लॅबमध्ये आले, तर फसवणूक दुसरा करेल आणि नोंदीत पत्ता आपल्या संस्थेचा असेल. आपल्या स्वतःच्या प्रॉक्सीचा ३१२८ पोर्ट बाहेरच्या जगाला उघडा राहिला, तरी तेच होईल.

म्हणून या महिन्यात एक काम करा. एका पानावर लिहा: प्रॉक्सी कशासाठी आहे, काय अडवतो, लॉग कोण पाहू शकतो, किती दिवस राहतो, कधी पुसला जातो. त्यावर प्राचार्यांची किंवा व्यवस्थापकांची सही घ्या आणि ते पान लॅबच्या सूचना फलकावर लावा. ज्या प्रॉक्सीसाठी असे पान लिहिता येत नाही, तो बंद करा.