यंत्र उघडून पाहिलं कोणी?

दूरसंचाराची यंत्रं बनवणाऱ्या हुआवेचा विषय निघाला की एकजण म्हणतो, ‘चिनी कंपनी, म्हणजे हेरगिरी आलीच.’ दुसरा म्हणतो, ‘छे, हा सगळा अमेरिकेचा धंद्याचा डाव.’ मग दोघंही चहा संपवून मोकळे होतात. यंत्र उघडून पाहिलं कोणी आणि त्यात काय निघालं, हे कुणीच विचारत नाही. वर्षभर मला हेच सलत आलं आहे. मराठवाड्यातला महापूर, पहिलीपासूनच्या हिंदीचा वाद, डॉ. जयंत नारळीकरांचं जाणं या गोष्टींवर या दिवाळी अंकात स्वतंत्र लेखन आहे. ही जागा मात्र मी या प्रश्नाला देतो आहे.

यंत्र उघडून पाहिलं ते ब्रिटननं. 2005 साली हुआवेला ब्रिटिश टेलिकॉमचं मोठं काम मिळालं आणि 2010 साली ऑक्सफर्डशायरमधल्या बॅनबरी गावात एक तपासणी केंद्र उभं राहिलं. खर्च हुआवेचा, पण आत काम करणारे ब्रिटिश सरकारनं पारखून घेतलेले आणि पुढे त्यांच्यावर सरकारी देखरेख मंडळही बसलं. हे मंडळ दरवर्षी अहवाल छापायचं आणि तो कुणालाही वाचता यायचा. मार्च 2019चा अहवाल जिज्ञासूंनी जरूर मिळवून वाचावा. एका उत्पादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ओपनएसएसएल’ या सुरक्षेच्या घटकाच्या चार वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या मिळून 70 पूर्ण प्रती आढळल्या, त्यातल्या काही फार जुन्या. प्रयोगशाळेत तपासलेला कोड आणि टॉवरखालच्या यंत्रात प्रत्यक्ष चालणारा कोड एकच आहे, याचीही खात्री तपासनिसांना देता येईना. थोडक्यात, काम गबाळं होतं आणि गबाळ्या कामातल्या फटीतून कुणीही आत शिरू शकतं. पण हे दोष चिनी सरकारच्या हस्तक्षेपातून आले आहेत असं आम्हाला वाटत नाही, हेही त्याच अहवालात स्पष्ट लिहिलं होतं.

जानेवारी 2020 मध्ये ब्रिटननं हुआवेला 5जी जाळ्याच्या कडेच्या भागात जास्तीत जास्त 35 टक्के वाटा दिला. जुलैमध्ये तो निर्णय फिरला. 2027 अखेरपर्यंत 5जी जाळ्यांतून हुआवेची सगळी यंत्रं काढा, असा आदेश निघाला. बॅनबरीत नवीन काही सापडलं, असं कारण त्यामागे दिलं गेलं नव्हतं. मे महिन्यात अमेरिकेनं हुआवेच्या चिपची वाट बंद केली होती. आता ही कंपनी कुठल्या चिप वापरणार याचा भरवसा उरला नाही, असं कारण ब्रिटननं दिलं. ते खोटं नव्हतं. पण दहा वर्षं खपून केलेल्या तपासणीपेक्षा वॉशिंग्टनमधला एक नियम भारी पडला, हे विसरता येत नाही.

म्हणून चीनची कड घ्यायची असं मी मुळीच म्हणत नाही. प्रत्येक संस्थेनं आणि नागरिकानं गुप्तचर कामाला साहाय्य केलं पाहिजे, असं चीनच्या 2017च्या कायद्याचं सातवं कलम सांगतं. असा कायदा असताना कंपनीच्या शब्दावर विसंबून राहायला कुणी धजणार नाही. 1 डिसेंबर 2018 रोजी हुआवेचे संस्थापक रन झंगफेई यांच्या कन्या आणि कंपनीच्या अधिकारी मंग वानचौ यांना अमेरिकेच्या मागणीवरून कॅनडात, व्हँकुव्हर विमानतळावर अटक झाली. आरोप हेरगिरीचा नव्हताच. इराणमधल्या व्यवहाराबद्दल एचएसबीसी बँकेची दिशाभूल केल्याचा तो आरोप होता. नऊ दिवसांनी चीननं मायकेल कोव्हरिग आणि मायकेल स्पेव्होर या दोन कॅनडियन नागरिकांना उचललं. दोन्ही प्रकरणांचा संबंध नाही, असं चीन सांगत राहिला. पण 24 सप्टेंबर 2021 रोजी मंग सुटल्या आणि काही तासांतच ते दोघंही सुटले. खासगी म्हणवणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यासाठी दोन माणसांच्या आयुष्यातली जवळपास तीन वर्षं गेली, याचा मला आजही संताप येतो. आणि व्यापार कराराला उपयोग होणार असेल तर या खटल्यात हस्तक्षेप करू, असं राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी अटकेनंतर दहाच दिवसांत सांगितलं, त्याचाही येतो.

कंपनीचा देश बघून निर्धास्त व्हावं, तर अथेन्स आठवतं. 2004-05 मध्ये ग्रीसचे पंतप्रधान कारामनलिस यांच्यासह शंभरेक जणांचे मोबाइल कुणीतरी चोरून ऐकत होतं. एक्स्चेंज स्वीडनच्या एरिक्सनचं, कंपनी व्होडाफोन. सरकारी परवानगीनं फोन ऐकण्यासाठी जी सोय त्यात होती, तीच कुणीतरी गुपचूप चालू केली होती. कुंपणानंच शेत खाल्लं. अमेरिकेतही वीस वर्षांनी असंच घडलं. तिथल्या लहान लहान ग्रामीण कंपन्यांतली हुआवे आणि झेडटीई या चिनी कंपन्यांची यंत्रं उपटण्यासाठी कमी पडलेले तीन अब्ज डॉलर काँग्रेसनं अखेर डिसेंबर 2024 मध्ये मंजूर केले. त्याच महिन्यात व्हाइट हाउसनं कबूल केलं, की ‘सॉल्ट टायफून’ या नावानं ओळखली जाणारी चिनी हॅकरांची टोळी देशातल्या नऊ दूरसंचार कंपन्यांच्या जाळ्यात शिरली आहे. त्यात एटी अँड टी आणि व्हेरायझनसारख्या बड्या कंपन्या होत्या. चीनला तिथे शिरायला स्वतःचं यंत्र लागलंच नाही.

आपल्याकडे चीनशी झालेल्या गलवानच्या संघर्षानंतर, डिसेंबर 2020 मध्ये दूरसंचार सुरक्षेचा आदेश निघाला. 15 जून 2021 पासून जाळ्यात फक्त ‘विश्वासू स्रोता’कडून घेतलेली यंत्रंच जोडता येतात. विश्वासू कोण हे उपराष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. आधीपासून बसवलेली यंत्रं काढण्याची सक्ती त्या आदेशात नाही. मला या आदेशाबद्दल तक्रार नाही. मागणी एकच आहे, बॅनबरीच्या धर्तीवर वार्षिक अहवालाची. कुठलं यंत्र तपासलं, कुठल्या देशाचं, काय दोष निघाले, ते दुरुस्त झाले का, एवढं तरी छापा. गुप्त ठेवण्यासारखं ते जरूर गुप्त ठेवा. आणि तपासणी स्वीडन, फिनलंड, कोरिया आणि आपल्या स्वदेशी यंत्रांचीही तितकीच कडक होऊ द्या.

हे सगळं इथे मांडण्याचं कारण, यंदाच्या अंकाचा विषयच आहे ‘संशय’. कथा आहेत, एका जुन्या खुनाच्या खटल्याचा मागोवा आहे, नात्यांतल्या संशयावर दोन लेख आहेत. आमच्या लेखकांनी पुरावा शोधायचे कष्ट घेतले आहेत. वाचून आम्हाला लिहा, दरवर्षी लिहिता तसंच सविस्तर.

– संपादक