पंचवीसची जुडी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रेशनकार्ड शोधता शोधता गेल्या वर्षीची डायरी हाती लागली. ह्यांच्या कारखान्यातून दरवर्षी मिळते ती. पहिल्याच पानावर माझ्या वळणदार अक्षरात, खाली दुहेरी रेघ मारून लिहिलेलं, 'नववर्षाचे संकल्प'! एकूण सतरा. घर आरशासारखे ठेवणे. महिन्याला दोन पुस्तके वाचणे. कपाट लावून नको त्या साड्या काढून टाकणे. पहाटे फिरायला जाणे... सगळे लिहीत बसत नाही. तुमच्याही डायरीत थोड्याफार फरकाने हेच असणार. पुढची पानं मात्र कोरी! मधेच एकावर दुधाचा हिशेब आणि एकावर धाकट्याने काढलेला ट्रक.

फिरणं टिकलं ते सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेपर्यंत, म्हणजे जेमतेम संक्रांतीपर्यंत. पुस्तके व्हायची होती चोवीस, झालं दीड. कपाटाचं दार तर आता ढकलून लावावं लागतं.

हसून डायरी ठेवूनही दिली असती. पण त्याच सुमारास लेकीची निबंधाची वही चाळायला घेतली. सातवीत आहे ती. विषय नेहमीचाच, 'माझी आई'. त्यात लिहिलं होतं, 'माझ्या आईला आवरायला फार आवडते. ती सारखी आवरत असते.' बाईंनी खाली 'छान' असा शेराही दिला होता.

मैत्रिणींनो, मी आठवड्यातले चार दिवस शाळेत मराठी शिकवते. दुसऱ्यांच्या मुलांना 'वाचा रे, वाचा' म्हणून घसा कोरडा करते. आणि माझ्या पोटच्या पोरीनं मला पुस्तक घेऊन बसलेलं पाहिलेलंच नाही, तर ती लिहिणार कुठून? त्यातून मला हे आवडतं असं तिला वाटावं, हे तर फारच लागलं.

दुपारी शेजारच्या अक्कांपाशी हे सगळं बोलून दाखवलं. अक्का तेलुगू बोलणाऱ्या, उभा जन्म विड्या वळण्यात गेलेला. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली तेंदूची पानं, असंच मी त्यांना पाहत आले. सतरा संकल्प ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, हजाराकडं बघितलं की हात जड होतो. मी हजार विड्या कधी वळल्याच नाहीत बघ. पंचवीस वळायच्या, जुडी बांधायची, बाजूला ठेवायची. संध्याकाळी मोजलं की हजार झालेले असायचे."

घरी आले आणि डायरीतल्या सतरा संकल्पांवर काट मारली. तीनच ठेवले : घर, वाचन आणि कपाट. तेही जुडीजुडीने करायचे.

घर

आम्ही राहतो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ. चहूकडे टॉवेल आणि चादरींचे कारखाने. सुताची बारीक तुसं वाऱ्याबरोबर घरात येतात नि सकाळी पुसलेलं टेबल दुपारी पांढुरकं दिसतं. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे पाण्याचा दिवस तर भांडी, पिंपं भरण्यातच जातो. अशा ठिकाणी 'आरशासारखे घर' हा संकल्प म्हणजे स्वतःला दिलेली शिक्षाच.

आता असं ठरवलं आहे, की रात्री जेवणं झाली की घड्याळ लावून पंचवीस मिनिटे सगळ्यांनी आवरायचं. घड्याळ वाजलं की हातातलं काम टाकून थांबायचं. उरलेलं उद्या. पाण्याच्या दिवशी आणि रविवारी सुट्टी. पहिल्या दिवशी आमचे हे म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं, "पाळीवर दिवसभर टॉवेलांची प्रत तपासता, मग घरातल्या टॉवेलांची घडी न कळायला काय झालं?" सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. तेव्हापासून घड्या त्यांच्याकडे, बूट-चपला धाकट्याकडे, दप्तरं आणि टेबल लेकीकडे.

पहिल्या आठवड्यात माळा काढला. सोलापूरच्या घरात काय निघणार? चादरी! इथे लग्न असो, बारसं असो की वास्तुशांत, आहेरात चादर ठरलेली. पाच माणसांच्या घरात एकोणीस निघाल्या. माणशी दोन आणि पाहुण्यांसाठी चार ठेवून उरलेल्या पाच गरजूंना दिल्या. थंडीतच दिल्या हे बरं झालं, उन्हाळ्यात चादर देऊन कुणाचं भलं होणार?

जाता जाता दोन सूचना. गडद रंगाची नवी चादर पहिले दोन-तीन वेळा वेगळी, थंड पाण्यात धुवावी व सावलीत वाळवावी. नवा टॉवेल वापरण्यापूर्वी एकदा नुसत्या पाण्यातून काढावा. कपडे मऊ करण्याचे द्रव टॉवेलांना वापरू नये. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

वाचन

महिन्याला दोन पुस्तके म्हटलं की छाती दडपते. रोज पाच पानं म्हटलं तर? वर्षाची अठराशे पंचवीस पानं होतात. म्हणजे दोनशे पानांची नऊ पुस्तकं! डाळ शिजेपर्यंत पाच पानं सहज होतात. मात्र पुस्तक स्वयंपाकघरातच, हाताशी हवं. आतल्या खोलीत ठेवलेलं पुस्तक आतच राहतं. खरं सांगायचं तर पहिले चार दिवस कुकर लावला की हात आपोआप मोबाईलकडेच गेला. पाचव्या दिवशी मोबाईल सासूबाईंच्या हवाली केला.

सुरुवात रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या 1910 साली निघालेल्या पुस्तकाने केली. 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या या मुलीला न्यायमूर्तींनी शिकवायला घेतलं. पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना तिचं शिकणं खपेना. टोमणे सोसत, घरचं सगळं सांभाळत ती शिकली. मला तर कुणी टोमणा मारत नाही. सासूबाई उलट विचारतात, "पुढं काय झालं गं?" मग माझी सबब ती कोणती? आता पाचातली दोन पानं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते. पुढच्या वेळी शहरात गेले की हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन यायचं, हे डायरीत नव्हे, पिशवीच्या चिठ्ठीवर लिहिलं आहे. किराण्याच्या यादीतली वस्तू सहसा राहून जात नाही!

कपाट

साड्या मोजल्या, सदतीस निघाल्या. आलटून पालटून नेसते त्या नऊ. आता नेसलेली साडी धुऊन उजव्या बाजूला लावायची असा नेम केला आहे. गुढीपाडव्यापर्यंत ज्या डावीकडेच राहतील त्यांचा विचार तेव्हा करू. विरलेल्या सुती साड्या सासूबाईंनी वाकळेसाठी मागून घेतल्या.

आणि तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, माझ्या आईची काळी रेशमी चंद्रकळा होती. आईला जाऊन सहा वर्षं झाली. दर संक्रांतीला म्हणायचे, यंदा नको, काही विशेष असेल तेव्हा नेसू. यंदा घडी उलगडली तर घडीघडीवर चिरत गेली. ज्या घडीत आईनं ठेवली होती, त्याच घडीत सहा वर्षं पडून होती ना! मी मटकन खाली बसले. लेक काही न बोलता शेजारी येऊन बसली.

म्हणून कळकळीने सांगते. रेशमी साडी प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. तीन-चार महिन्यांनी उलगडून घडी बदला. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. पावसाळा सरला की सावलीत वारा द्या. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, नेसा! जपून ठेवलेली साडीसुद्धा फाटते, तर नेसून फाटलेली काय वाईट?

चंद्रकळेचे काठ आणि पदर शाबूत आहेत. त्यातून लेकीला परकर-पोलकं शिवायला टाकलं आहे. संक्रांतीला तेच घालून ती गड्ड्यावर येणार आहे.

परवा कुकरपाशी वाचत होते. ती आली, पुस्तक उलटून नाव पाहिलं आणि म्हणाली, "आई, कितवं पान?" मी म्हटलं, "एकेचाळिसावं." दप्तर टाकून ती तिथेच ओट्याला टेकून उभी राहिली. त्या दिवशी डाळ जरा जास्तच शिजली, आणि कुणी तक्रार केली नाही.

तुमच्या सतरांतले तीन कोणते, ते या आठवड्यात ठरवून टाका. तिळगूळ घ्या, गोड बोला!