पोळी इथली, टाळी तिकडची

2025 च्या मे महिन्यात आयपीएलच्या बाद फेरीत मुल्लांपूरला मुंबई इंडियन्स आणि गुजरात टायटन्स समोरासमोर येणार हे नक्की झालं आणि सुरतच्या सचिन, उधना, पांडेसरा, लिंबायत या सगळ्या पट्ट्यात एक जुना सवाल पुन्हा फिरायला लागला: राहता इथे, कमावता इथे, मग टाळ्या मुंबईला कशा? शेजारचा गुजराती माणूस हे चहा पिता पिता थट्टेत विचारतो तोवर त्यात गंमत आहे. त्या आठवड्यात मात्र मराठी माणसंच मराठी माणसांना चेहरा गंभीर करून हे विचारत होती, आणि वर 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' ही म्हण ऐकवत होती. ही म्हण लोक बऱ्याचदा लाळघोट्यांना उद्देशून वापरतात. ती निष्ठेचा कायदा म्हणून दुसऱ्याला सुनावायची हा अजबच प्रकार आहे.

ज्यांनी तो मोसम अर्धवट पाहिला त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबईने पहिल्या पाचांत एकच सामना जिंकला होता. मग सलग सहा जिंकले, 21 मे रोजी वानखेडेवर दिल्लीला हरवून शेवटच्या चारांत जागा मिळवली आणि पुढे जयपूरला पंजाबकडून हरून चौथ्या स्थानावर समाधान मानलं. गुजरात बराच काळ तक्त्याच्या माथ्यावर होता. शेवटचे दोन सामने गमावून तो तिसऱ्यावर घसरला. तिसरा आणि चौथा यांच्यात जो हरेल तो घरी जाणार होता. त्या मोसमात साखळीत दोन्ही वेळा गुजरातने मुंबईला हरवलं होतं, त्यातलं एकदा तर वानखेडेवर, पावसात, अगदी शेवटच्या चेंडूवर.

आता मूळ वादाकडे. राहण्याच्या जागेवरून संघ ठरवायचा हा नियम इतर कुठे न चालणारा नियम आहे. आपलं हे सचिन एकेकाळी संस्थान होतं. तिथले नवाब मूळचे जंजिऱ्याचे सिद्दी. 1791 मध्ये पेशव्यांशी झालेल्या करारात जंजिऱ्यावरच्या हक्काच्या बदल्यात त्यांना हा मुलूख मिळाला. म्हणजे कोकण सोडून इथे येऊन बस्तान बसवणं या गावाला खुद्द राजघराण्यानेच शिकवलं. (गावाच्या नावाचा तेंडुलकरांशी संबंध नाही, हे दरवर्षी या दिवसांत कुणाला तरी नव्याने सांगावं लागतं.) आज सचिन ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात येतं, तिथले खासदार सी. आर. पाटील जळगाव जिल्ह्यात जन्मले. मतदारांनी त्यांना 2009 पासून सतत निवडून दिलं, तेव्हा जन्मगाव कुणी तपासलं नाही. राजकारणात जी मोकळीक आपण सहज देतो, ती क्रिकेटच्या टाळीला नाकारायची, हे बरं नव्हे.

जन्म धरला तर गोंधळ आणखी वाढतो. मुंबईचा त्या मोसमातला कर्णधार हार्दिक पांड्या. त्याचं जन्मस्थान म्हणून नोंद आहे चोऱ्यासीची, म्हणजे सचिन ज्या तालुक्यात मोडत आलं त्याच तालुक्याची. मुंबईचा हुकमी गोलंदाज जसप्रीत बुमराह अहमदाबादचा. उलट गुजरातचा तेव्हाचा कर्णधार शुभमन गिल पंजाबातल्या फाजिल्का भागातला. भूमिपुत्राच्या न्यायाने इथल्या माणसाने मुंबईलाच टाळ्या द्यायला हव्यात! मालकी धरा, तर तिथेही तेच. मुंबई रिलायन्सची, आणि रिलायन्सचा मोठा कारखाना इथून जवळ हजिऱ्याला आहे. ज्या पॉलिस्टर धाग्यावर या पट्ट्यातले लूम चालतात त्या धंद्यात रिलायन्स पहिल्यापासून आहे. गुजरात टायटन्स सुरुवातीला परदेशी गुंतवणूक कंपनीकडे होता. 2025 च्या मार्चमध्ये त्यातला 67 टक्के हिस्सा टोरेंट समूहाने घेतला, म्हणजे सुरत शहराला वीज पुरवणाऱ्यांनी. तेव्हा धाग्याला जागायचं की विजेला, हा प्रश्न ज्याला सोडवायचा असेल त्याने सोडवावा. बारा तासांच्या पाळीवर उभा असलेला कारीगर तो सोडवत बसत नाही. धाग्याच्या खोक्याला मोबाइल टेकवून तो सामना लावतो. लूमच्या खडखडाटात समालोचनाचा शब्द कानावर पडत नाही, म्हणून आवाज बंदच असतो. एक डोळा ताण्यावर आणि एक धावफलकावर.

मग निष्ठा ठरते कशावर? माझं म्हणणं असं की ती पडत्या काळावर ठरते. संघ हरत असताना जो पाहत राहिला, त्याचा तो संघ. मग तो कुठे राहतो आणि कुणाची पोळी खातो हे गौण. मुंबईने 2008 मध्ये पहिले चार सामने गमावले होते, आणि पुढे सलग सहा जिंकूनही पाचव्या स्थानावर अडकली. 2009 मध्ये सातवी. 2010 मध्ये अंतिम सामन्यापर्यंत जाऊन चेन्नईकडून हरली, तेही नवी मुंबईत, घरच्या प्रेक्षकांसमोर. पहिला करंडक यायला सहावा मोसम उजाडला. खानदेशातून इथे आलेल्या ज्या पिढीने तेव्हा दूरदर्शनच्या बातम्यांतून, दुकानाबाहेरच्या टीव्हीवरून हा प्रवास पाहिला, तिचं त्या संघाशी नातं जडलं. गुजरात टायटन्सने तशी संधीच कुणाला दिली नाही. 2022 मध्ये पहिल्याच वर्षी अहमदाबादला लाखाहून अधिक लोकांसमोर करंडक, दुसऱ्या वर्षी पुन्हा अंतिम सामना. 2024 मध्ये आठवा क्रमांक आला, तोच काय तो पडता काळ. चांगला संघ आहे, यात वाद नाही. पण त्याच्या नावाने उसासे टाकायची सवय अजून कुणाला लागलेली नाही.

इथवर मुंबईचे चाहते माना डोलावत असतील, म्हणून त्यांचीही एक तक्रार नोंदवतो. त्यांची पडत्या काळाची आठवण सोईस्कर आहे. हंगाम खराब सुरू झाला की दरवर्षी एकच पालुपद: '2015 आठवा, पहिले चार हरले होते आणि करंडक जिंकला.' नाहीतर मग 2014: अमिरातीत पाचच्या पाच सामने गेले, आणि शेवटच्या दिवशी राजस्थानविरुद्ध 190 धावा 14.3 षटकांत करायच्या होत्या. कोरी अँडरसनने नाबाद 95 ठोकल्या, 14.3 षटकांत धावा झाल्या 189, आता पुढच्या चेंडूवर चौकार किंवा षटकार हवा असं गणित निघालं आणि आदित्य तरेने फॉकनरला षटकार मारला. गोष्ट खरी आहे, आणि कितीही वेळा ऐकली तरी शिळी होत नाही. पण त्यानंतर बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात मुंबई चेन्नईकडून हरली, हे सांगायला गोष्ट सांगणारा विसरतो. 2018 मध्ये अखेरचा सामना दिल्लीत जिंकायचा होता, तो 11 धावांनी गेला. 2021 मध्ये हैदराबादला 171 धावांनी हरवणं भाग होतं. 235 धावा करून मुंबई 42 धावांनी जिंकली, आणि बाहेर पडली. 2022 मध्ये पहिले आठही सामने हरले, शेवटचा क्रमांक. 2024 मध्ये पुन्हा शेवटचा. उशिरा घेतलेल्या झेपेच्या दोन-तीन गोष्टी तोंडपाठ आणि न जमलेल्या झेपांची नोंदच नाही, असा हा हिशेब आहे.

आणि 2024 तर चाहत्यांच्या वहीतलं सगळ्यात वाईट पान. रोहित शर्माला बाजूला करून हार्दिकला कर्णधार केलं, हा निर्णय कुणाला आवडला नसेल तर ते समजू शकतं. पण वानखेडेवर स्वतःच्याच कर्णधाराला नाणेफेकीच्या वेळी हुर्यो? पडत्या काळात सोबत राहणं म्हणजे टीका करायची नाही असं नव्हे. मात्र संघ धडपडत असताना त्याच्याच माणसाला खाली ओढणाऱ्याने पुढच्या वर्षी 'आम्ही वाईट दिवस पाहिलेत' असं म्हणू नये. माझ्याच कसोटीवर त्या गर्दीतले बरेच जण नापास होतात, आणि जे 2025 मध्ये सहा विजयांनंतर निळे शर्ट कपाटातून काढून आले ते तर परीक्षेलाच बसलेले नाहीत.

यावर पुण्याचं उदाहरण हमखास पुढे येतं. पडत्या काळाने चाहता घडत असेल, तर पुण्याच्या संघाचे चाहते सगळ्यात कडवे असायला हवे होते. पुणे वॉरियर्सने 2011 ते 2013 असे तीन मोसम बहुतेक हारच खाल्ली. पुढे रायझिंग पुणे 2017 मध्ये हैदराबादला अंतिम सामना मुंबईकडून एका धावेने हरला. मग पुण्याचं नाव घेऊन रडणारं कुणी दिसत का नाही? उत्तर सरळ आहे. पहिला संघ मालकाच्या आणि मंडळाच्या पैशाच्या भांडणात बंद पडला, दुसरा मुळातच दोन वर्षांच्या बोलीवर आलेला होता. ज्या संघाला पुढचं वर्षच नाही त्याच्यासाठी 'पुढच्या वर्षी बघू' कुणी म्हणायचं? बंगळूरचा चाहता सतरा मोसम रिकाम्या हाताने परतला तरी 2025 मध्ये अठराव्यांदा येऊन बसला, कारण संघ जागेवर होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हा सगळा धंदा आहे, खेळाडू लिलावात विकले जातात, त्यात निष्ठा कसली शोधता? मान्य. शिवाय बाद फेरीचं गणित भल्याभल्यांची निष्ठा तासाभरात फिरवतं. 21 मे 2023 ची रात्र आठवा. मुंबईचं नशीब बंगळूरमधल्या सामन्यावर टांगलेलं होतं. तिथे गुजरातच्या गिलने नाबाद 104 काढून बंगळूरला बाहेर काढलं आणि मुंबई आत आली. त्या रात्री मुंबईचे सगळे पाठीराखे गुजरातचेच होते. पाच दिवसांनी त्याच गिलने अहमदाबादला 129 मारून त्यांना घरी पाठवलं. पण यातून आक्षेप सिद्ध होत नाही. खेळाडू बदलले, गणितं बदलली, तरी त्या रात्री गुजरातसाठी टाळ्या वाजवणाऱ्याला आपण कुणासाठी वाजवतो आहोत हे पक्कं ठाऊक होतं. 2025 मध्ये दिल्लीने पहिले चारही सामने जिंकले आणि तरी बाद फेरी हुकली. तिच्या चाहत्याला लोक काय कमी नफा झालेला भागधारक म्हणणार?

पडत्या काळाचीच गोष्ट निघाली आहे, तर एक प्रश्न या पट्ट्यातल्या खानदेशी मंडळींना विचारायलाच हवा. जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे क्रिकेटच्या नकाशावर मुंबईचे नाहीतच. ते पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनखाली येतात. तुमचा रणजी संघ महाराष्ट्र. त्याने करंडक जिंकला तो 1939-40 आणि 1940-41 मध्ये, प्राध्यापक देवधरांच्या नेतृत्वाखाली. त्यानंतर एकदाही नाही. मध्ये 1948 च्या डिसेंबरात पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध नाबाद 443 वर होते, ब्रॅडमनचा 452 चा विक्रम हाताशी होता, आणि काठेवाडच्या कर्णधाराने जेवणाच्या सुट्टीत पुढे खेळायलाच नकार दिला. 1970-71 चा अंतिम सामना मुंबईकडून 48 धावांनी गेला. 1992-93 मध्ये लुधियानाला पंजाब, 2013-14 मध्ये हैदराबादला कर्नाटक. त्या शेवटच्या मोसमात केदार जाधवने 1223 धावा केल्या, तरी करंडक आला नाही. ऐंशी वर्षांहून मोठा पडता काळ! दुसऱ्या कुठल्या संघाचा असता तर त्याच्यावर गाणी झाली असती. इथे लूमखात्यात, टेम्पो स्टँडवर, रविवारच्या टेनिस बॉलच्या सामन्यात महाराष्ट्राच्या रणजी संघाचं नाव निघत नाही.

याची सबब अशी सांगतात की रणजी टीव्हीवर फारशी दिसत नाही, चार दिवस कोण पाहणार. सबब अर्धीच खरी आहे. गुजरातचा रणजी संघ 1950-51 मध्ये होळकर संघाकडून अंतिम सामन्यात हरला, आणि त्याला पुढचा अंतिम सामना पाहायला 66 वर्षं थांबावं लागलं. जानेवारी 2017 मध्ये इंदूरला, 41 वेळच्या विजेत्या मुंबईविरुद्ध, चौथ्या डावात 312 धावांचा पाठलाग होता. पार्थिव पटेलने 143 केल्या आणि गुजरात पहिल्यांदा रणजी विजेता झाला. सुरत याच संघाच्या हद्दीत येतं. तो विजय टायटन्सच्या करंडकापेक्षा कितीतरी कष्टाचा होता, पण आज पोळी-टाळीचा हिशेब मागणाऱ्यांपैकी किती जणांना तो आठवतो? त्यांनी पार्थिवच्या त्या खेळीसाठी टाळी वाजवली असेल तर त्यांचा सवाल मी गंभीरपणे घेईन. नसेल वाजवली, तर गुजरातवरचं त्यांचं प्रेमही साडेसात वाजता सुरू होऊन अकराला संपणारंच आहे.

पावसाळा सरला की रणजीचा नवा मोसम सुरू होतो. उधन्याहून जळगावकडे दिवाळीला जाणाऱ्या गाडीत बसाल तेव्हा मोबाइलवर महाराष्ट्राचा धावफलक एकदा उघडा, आणि संघ हरत असेल तरी चौथ्या दिवसापर्यंत तो बघत राहा.