निरोपाची कळ

लोणेरे येथें १९८९ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झालें, तेव्हांपासून सव, महाड, पोलादपूर या बाजूच्या मुलांना तंत्रविद्येची सोय जवळच झाली आहे. अशा घरांतून आतां 'पायथन' ही संगणकभाषा शिकली जाते. ओळ लिहावी, यंत्रानें लगेच उत्तर द्यावें, असा हा संवाद चालतो. त्या जागेला 'शेल' म्हणतात. नवशिक्याला तेथें शिरणें सोपें. अडतें तें बाहेर पडतांना!

पूर्वीं नुसतें 'एक्झिट' लिहिल्यास यंत्र सोडीत नसे. पुढें कंस घाला, नाहीं तर कंट्रोल व डी या कळा एकत्र दाबा, असा उपदेश करी. पाहुण्यानें 'येतों' म्हणावें आणि यजमानानें दार न उघडतां त्याचें व्याकरण सुधारावें, तसाच हा प्रकार! २०२४ च्या ऑक्टोबरांत आलेल्या ३.१३ या आवृत्तीनें हा हट्ट सोडला.

डी हें अक्षर मात्र उगीच निवडलेलें नाहीं. तें इंग्रजी वर्णमालेंतील चौथें. आणि १९६३ च्या 'आस्की' संकेतांत चौथ्या क्रमांकाची खूण 'प्रेषण संपलें' अशी आहे. युनिक्सनें तीच कळ उचलली. विंडोजवर त्याऐवजीं कंट्रोल-झेड दाबून एंटर दाबावें लागतें. पण युनिक्सवर कंट्रोल-झेडनें प्रोग्राम संपत नाहीं, नुसता थांबून पडद्याआड राहतो. मुलाला वाटतें, आपण निरोप घेतला!

उलट, निरोप अति सुलभ असणेंही घातक. कंट्रोल-डी चुकून दाबली गेली, तर यंत्रानें लक्षांत ठेवलेले तासाभराचे आंकडे क्षणांत नाहींसे होतात. म्हणूनच 'आयपायथन' आधीं "खरेंच जावयाचें का?" असें विचारतें, 'नोड'मध्यें कंट्रोल-सी दोनदां दाबावी लागते.

आमच्या मतें, असे प्रोग्राम रचणाऱ्या तरुणांनीं नवी कळ शोधण्याचा मोह टाळावा. रूढ कळ ठेवावी, साधा शब्दही मानावा, आणि काम बुडणार असेल तेव्हांच प्रश्न करावा. पालकांसही एक विनंति: मूल पडद्यासमोर अडून बसलेलें दिसलें, तर तें मंद आहे असें समजूं नये. या दोनतीन कळा वहीच्या पहिल्याच पानावर त्याच्याकडून लिहवून घ्याव्या, म्हणजे पुढील धडे तें निर्धास्तपणें शिकेल.