कुलूप निघाले, धास्ती निघेना

सोमवार, ५ जुलै २०२१ पासून कर्नाटकात जवळजवळ सगळे खुले झाले. शनिवार-रविवारचा कर्फ्यू गेला, देवळांची दारे उघडली, मॉल उघडले, लग्नाला शंभर माणसांची परवानगी मिळाली. बेळगाव जिल्ह्याला यासाठी जरा जास्तच थांबावे लागले. जूनच्या मध्यावर राज्यातील बहुतेक जिल्ह्यांना सूट मिळाली, तेव्हा ज्या ११ जिल्ह्यांत निर्बंध २१ जूनपर्यंत तसेच ठेवले गेले त्यांत आपला जिल्हा होता. व्यापारी रोज विचारत होते, कधी उघडायचे? मग उघडले. खरं, गिऱ्हाईक कुठे होते?

नंदगडची पेठ बघा. खानापूर तालुक्यातली ही जुनी व्यापारी पेठ, एकेकाळी गोव्याकडच्या मालाची उलाढाल करणारी. इथे तेव्हा खत-बियाण्यांच्या दुकानात उभे राहायला जागा नव्हती, कारण भाताच्या नट्टीचे दिवस होते आणि शेत कुणासाठी थांबत नाही. किराण्याला गर्दी होती, औषधाच्या दुकानाला होती. चार पावले पुढे गेले की कापड, चप्पल, भांडी, सोने यांची दुकाने, आणि तिथे मालक दारात खुर्ची टाकून बसलेला. हॉटेलात चहा पार्सल जात होता, बाकड्यावर बसून भजी खाणारे कमी. म्हणजे लोकांनी खरेदीच थांबवली, असे नाही. जे पुढे ढकलता येते ते ढकलले जात होते आणि जिथे चार माणसांत बसावे लागते तिथे जाणे टाळले जात होते. हा लॉकडाऊनचा परिणाम म्हणायचा, तर लॉकडाऊन उठला होता. मग मागे राहिले होते ते काय?

सरळ उत्तर आहे, भीती. पण भीती म्हणून सोडून देण्याइतकी ती साधी गोष्ट नाही. त्याआधीच्या दीड वर्षात आपल्याच जिल्ह्यात तिचे दोन वेगवेगळे प्रकार दिसले आणि त्यांचे औषधही वेगळे आहे.

पहिला प्रकार मार्च २०२० चा. तेव्हा जिल्ह्यात एकही रुग्ण नव्हता, लॉकडाऊन हा शब्दही कुणाला माहीत नव्हता. खरं, कोंबडी खाल्ली की कोरोना होतो, अशी आवई व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली आणि पन्नास-सत्तर रुपये किलोने जाणारा पक्षी पाच-दहा रुपयांवर आला. खाद्याचा खर्च निघेना, तेव्हा गोकाक तालुक्यातील लोळसूरच्या एका पोल्ट्रीवाल्याने सहा हजारांच्या आसपास कोंबड्या खड्डा काढून जिवंत पुरल्या. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. बेळगाव जिल्ह्यात पहिले रुग्ण सापडले ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे रोग यायच्या आधी तीनेक आठवडे भीती येऊन एका धंद्याचे कंबरडे मोडून गेली होती, आणि त्यात सरकारी आदेशाचा काही संबंध नव्हता. पुढे काय झाले? लोकांनी हळूहळू पुन्हा कोंबडी खाल्ली, काही झाले नाही, मे महिन्यात भाव पुन्हा चढले. भीती खोटी होती म्हणून लवकर गेली.

आदेशाने किती नुकसान होते आणि धास्तीने किती, हे मोजायचा प्रयत्न बाहेर झाला आहे. विशेष म्हणजे तो सीमाभागातच झाला. शिकागो विद्यापीठाच्या दोन अर्थतज्ज्ञांनी, ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सिव्हरसन यांनी, अमेरिकेत अशा ठिकाणांची तुलना केली जिथे बाजार एकच आहे, पण मधून सरकारी हद्द जाते. एका बाजूला घरात बसायचा आदेश, दुसऱ्या बाजूला नाही. आपल्याकडे निपाणी आणि कागल म्हणा. मोबाईलच्या नोंदीवरून त्यांनी दुकानांत जाणारी माणसे मोजली. ग्राहकांची ये-जा एकूण ६० टक्क्यांनी घटली होती, आणि त्यातला आदेशाचा वाटा निघाला फक्त ७ टक्के-अंकांचा. बाकीचे लोक आपणहून घरी बसले होते. मोठ्या, गजबजलेल्या दुकानांतली माणसे जास्त घटली. युरोपातही तसेच. डेन्मार्कने सगळे बंद केले, शेजारच्या स्वीडनने बरेचसे उघडे ठेवले, तरी लोकांचा खर्च डेन्मार्कमध्ये २९ टक्क्यांनी आणि स्वीडनमध्ये २५ टक्क्यांनी घसरला.

हे आकडे जसेच्या तसे इथे लावायला मी तयार नाही. तिथे पगार बँकेत जमा होतो, सरकार घरी चेक पाठवते. इथे रोजंदारीवरच्या माणसाला आदेशानेच आधी मारले. गवंड्याला, वडापच्या ड्रायव्हरला, बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला घाबरायला सवडही मिळाली नाही. हा फरक विसरून लॉकडाऊनने काही बिघडले नाही, असे कुणी म्हणू लागला तर त्याला नंदगडच्या बसस्टँडवर आणून उभे करावे. पण आदेश उठल्यावरही बाजार का उठला नाही, या प्रश्नाला मात्र हेच आकडे उत्तर देतात.

दुसरी भीती २०२१ च्या एप्रिल-मेमधली आणि ती कोंबडीच्या आवईसारखी खोटी नाही. आपल्या तेव्हाच्या खासदारांना, केंद्रात रेल्वे राज्यमंत्री असलेल्या सुरेश अंगडी यांना, सप्टेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये हा रोग घेऊन गेला. तेव्हाच खेडोपाडी एक वाक्य पसरले होते की, मंत्र्यांचे असे तर आपले काय? त्यांच्या जागेसाठी १७ एप्रिल २०२१ ला पोटनिवडणूक झाली. प्रचाराच्या सभा झाल्या, मिरवणुका झाल्या, आणि मतदानानंतर दहा दिवसांत राज्य बंद. ज्यांनी मार्चमध्ये सभेला या म्हणून सांगितले, तेच मेमध्ये घरातून निघू नका सांगू लागले. पुढे ते घाबरू नका म्हणत, तेव्हा लोक ऐकून घेत आणि घरी जात.

आणि या भीतीच्या पोटात आणखी एक आहे, तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. आजारापेक्षा बिलाची भीती. राज्य सरकारनेच जून २०२० मध्ये खासगी दवाखान्यांसाठी दर ठरवून दिले. स्वतः पैसे भरणाऱ्या कोविड रुग्णाला साध्या वॉर्डात दिवसाला १० हजार आणि व्हेंटिलेटरसह आयसीयूत २५ हजार. हा वरचा दर, म्हणजे नियम पाळला तर. आता २०२१-२२ ची रोजगार हमीची कर्नाटकातली मजुरी धरा, दिवसाला २८९ रुपये. आयसीयूतला एक दिवस म्हणजे साधारण ८६ दिवसांची मजुरी. तेव्हा वर्षाला हक्काचे शंभर दिवस काम मिळाले, तरी त्या पैशांत आयसीयूचे दीड दिवसही भागत नव्हते. अशा माणसाने नवी सायकल, साडी, मुलीचे कानातले पुढे ढकलले, तर तो घाबरट नाही, त्याचा हिशेब बरोबर आहे.

देशाचे आकडे हेच सांगतात. रिझर्व्ह बँकेच्या म्हणण्याप्रमाणे २०२०-२१ च्या पहिल्या तिमाहीत घरांची आर्थिक बचत जीडीपीच्या २१ टक्क्यांवर गेली, मग १०.४ आणि तिसऱ्या तिमाहीत ८.२ टक्क्यांवर आली. पहिल्या उडीतला बराच भाग दुकानेच बंद असल्यामुळे होता, हे मान्य. खरं, वर्षभरात चलनातल्या नोटांचे मूल्य १६.८ टक्क्यांनी वाढले, ते कशासाठी? बंद बाजारात नोटा खर्चायला लागत नाहीत. त्या घरात ठेवल्या गेल्या, रात्री-अपरात्री गाडी करून बेळगावला जावे लागले तर हाताशी असाव्यात म्हणून. मे २०२१ मध्ये बँकेचा ग्राहक विश्वास निर्देशांक ४८.५ वर आला, तोपर्यंतचा नीचांक. १०० च्या खाली म्हणजे निराशा. ही पाहणी तेरा मोठ्या शहरांतली. खेड्यात कुणी विचारायला आले नाही, पण उत्तर वेगळे मिळाले असते असे वाटत नाही.

यात अडचण अशी की एका घराचे शहाणपण दुसऱ्या घराची उपासमार होते. खानापूरच्या शेतकऱ्याने लग्न शंभरऐवजी तीस माणसांत उरकले, पैसे वाचवले, चांगलेच केले. पण त्या लग्नातल्या साड्या वडगाव-खासबागच्या मागावर विणल्या जाणार होत्या. माग थांबला की विणकर किराण्याची उधारी थकवतो, आणि किराणावाला भाताची उचल कमी करतो. फिरून ते शेतकऱ्याकडेच येते.

सीमाभागात या सगळ्याला एक जादा पीळ आहे. आपली पेठ एका राज्यात, नातेवाईक दुसऱ्या राज्यात, रोजगार तिसऱ्या राज्यात. कोगनोळी नाक्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये आरटीपीसीआरची सक्ती आली; जुलैमध्ये ७२ तासांच्या आतला अहवाल किंवा लसीच्या एका डोसचे प्रमाणपत्र चालत होते, रोज ये-जा करणाऱ्यांना पंधरा दिवसांतून एकदा चाचणी होती. गोव्यात मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने निगेटिव्ह अहवाल बंधनकारक झाला. चोर्ला आणि अनमोड ओलांडून कामाला जाणाऱ्या खानापूरच्या पोरांना हे नियम तोंडपाठ झाले होते, आणि ते बदलतही होते. कोल्हापूर जिल्ह्यात पॉझिटिव्हिटी तेव्हा अजून महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त जिल्ह्यांत गणली जात होती, त्यामुळे तिकडचा पाहुणा आला की गल्लीत कुजबुज सुरू. नियम गरजेचे असतील, वाद नाही. पण उद्या परत येता येईल का, हे ठाऊक नसलेला माणूस आज कामावर निघत नाही. भीती गिऱ्हाईक रोखते तशी मजूरही रोखते. १८९७ च्या प्लेगात मुंबईची साडेआठ लाखांच्या आसपास असलेली वस्ती काही महिन्यांत जवळपास निम्म्यावर आली होती आणि गिरण्यांना कामगारांसाठी एकमेकांत चढाओढ करावी लागली. गिरण्या बंद करा, असा आदेश कुणी काढला नव्हता.

दवाखान्याचेही असेच. निपाणीच्या माणसाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, पण कर्नाटकाच्या रेशनकार्डावर महाराष्ट्राची महात्मा फुले योजना तेव्हा चालत नव्हती. खानापूरच्या माणसाला बेळगाव गाठायचे, तर तिथे बिम्सबद्दलचा विश्वास डळमळीत. जुलै २०२० मध्ये रुग्ण दगावल्यावर चिडलेल्या नातेवाइकांनी तिथल्या आवारात रुग्णवाहिका पेटवली होती. ते कृत्य वाईटच, पण लोकांच्या मनात बसले आहे ते तेच चित्र.

मग करायचे काय? बाजार जोरात असल्याची भाषणे करून गिऱ्हाईक येणार नाही. आजारी पडल्यास काय होईल याचे उत्तर लोकांना तालुक्यातच मिळाले, तर नोटा पेटीतून बाहेर येतील. २१ जून २०२१ पासून १८ वर्षांवरील सर्वांना केंद्राची लस मोफत झाली, पण केंद्रावर डोस नाहीत म्हणून लोक परत फिरत होते, आणि दोनदा परत फिरलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही. खानापूरच्या सरकारी दवाखान्यात ऑक्सिजनचे बेड किती, आज रिकामे किती, हे रोज जाहीर करायला पैसे लागत नाहीत. खासगी दवाखान्याच्या दारात दरपत्रक लावायलाही लागत नाहीत.

हे सगळे मराठीतही पाहिजे. भाषेचा प्रश्न काढला की काही जणांना राजकारण दिसते. पण नंदगड, गर्लगुंजी, बेकवाडच्या म्हाताऱ्या माणसांना आरोग्य खात्याचे बहुतेक फलक आणि पत्रके फक्त कन्नडमध्ये मिळत असतील, तर ती माहिती घेणार कुठून? व्हॉट्सअ‍ॅपवरून, म्हणजे कोंबडीची आवई जिथून आली होती तिथूनच. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत सरकारी कागद मिळावेत, ही आपली मागणी जुनी आहे, आणि त्या साथीत ती थेट गल्ल्याशी येऊन भिडली.

वेळ फार नव्हता. २०२१ मध्ये ९ ऑगस्टला श्रावण लागणार होता, १० सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. कापडवाल्याला सणाचा माल जुलै महिन्यातच भरायचा असतो, मूर्तिकाराने शाडू आणून कामाला सुरुवात केलेली असते. आदल्या वर्षीचा माल अजून काहींच्या फळीवर होता. त्या वर्षी उत्सवाचे नियम काय असतील, हे सरकारने तोपर्यंत सांगितलेले नव्हते. किती मूर्ती करायच्या आणि किती उंचीच्या, हे मात्र मूर्तिकाराला तेव्हाच ठरवावे लागत होते.